बरोबर मधोमध टांगलेला झोपाळा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक खोली डोळ्यांपुढे आणा. (डोळे मिटल्यावर वाचायचं कसं, असं विचारू नका. एकच डोळा मिटा!) खोली अठरा फूट लांब, अकरा फूट रुंद. आणली? आता त्या खोलीच्या बरोबर मधोमध एक झोपाळा टांगा. सागवानी पाट, पितळी साखळ्या, टेकायला कोरीव पाठ. टांगलात? शाबास! आता मला सांगा, एवढ्याशा कामाला आर्किटेक्ट लागतो का?

"छे!" असंच म्हणालात ना? मीही तेच म्हणालो होतो. आणि मी म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे! नडियादच्या एका शाळेत चौतीस वर्षं भूमिती शिकवलेला माणूस. मी फळ्यावर नुसत्या हाताने वर्तुळ काढलं, की पोरांच्या पेट्यांमधले कंपास लाजून आपापली झाकणं ओढून घ्यायचे!

तर झालं असं, की आमच्या दिवाणखान्यावरची कौलं दर हिवाळ्यात वानरं फोडायची. यंदा मी ठरवलं, कौलं काढायची, स्लॅब घालायचा आणि दिवाणखाना नव्याने बांधायचा. माझी बायको रेवा झोपाळ्यावर बसून तूरडाळ निवडत होती. ती म्हणाली, "छत बदला, फरशी बदला, हवं तर मलाही बदला. पण माझा झोपाळा या घरात पहिल्यासारखा झुलला पाहिजे."

हा झोपाळा तिला लग्नात तिच्या आईने दिलेला. पेटलादहून बैलगाडीत घालून आला होता. याच झोपाळ्यावर तिने आमच्या मुलीला निजवलं, पुढे मुलीच्या मुलीला निजवलं, गल्लीतली तीन लग्नं जमवली आणि एक मोडलंही. आमच्याकडे पाहुणा आला की खुर्ची शोधत नाही, झोपाळा शोधतो.

"झुलेल, झुलेल!" मी म्हणालो. "उद्याच नकाशा काढतो."

"तुम्ही?" रेवाने डाळीतला खडा बाजूला काढावा तसं मला नजरेनेच बाजूला काढलं. "निरालीला विचारा. आर्किटेक्ट झालीये. तुमचीच विद्यार्थिनी."

निराली! आठवीत मी या मुलीचे दोन गुण कापले होते. घराचा आराखडा काढा म्हटलं, तर तिने खोल्यांमध्ये माणसं काढली होती. एक बाई पोळ्या लाटतेय, एक आजोबा जांभई देतायत, दारात मांजर. "घराच्या आराखड्यात माणसं नसतात!" असं मी लाल शाईने लिहिलं होतं. आणि आता तीच मला माझं घर शिकवणार?

पण रेवाने फोन करूनही टाकला होता.

निराली आली, माझ्या पाया पडली, चहा घेतला आणि झोपाळ्यावर बसली. अर्धा तास झाला, बसलीच आहे. तास झाला, झुलतेच आहे! मध्येच रेवाला म्हणाली, "काकी, आता तुम्ही बसा ना, रोज बसता तशा." मग रेवा झुलली आणि ही जमिनीवर उकिडवी बसून बघत राहिली. पाय पुढे कुठवर पोचतात तिथे खडूने एक रेघ. पाठ मागे कुठवर जाते तिथे दुसरी रेघ. मग आमच्या नातीला, ऋत्वीला, झुलवून पाहिलं. पुन्हा रेघा!

ऋत्वी नऊ वर्षांची. तिची आई बँकेत, म्हणून शाळा सुटल्यावर ती आमच्याकडेच असते. तिला तर हा खेळच वाटला. "दीदी, मी आणखी जोरात जाऊ?"

"जा ना! जास्तीत जास्त किती जातेस तेच बघायचंय मला."

दोन तासांनी निराली म्हणाली, "साहेब, उद्या परत येते. सकाळचं ऊन कुठून येतं ते पाहायचंय."

ती गेल्यावर मी रेवाला म्हणालो, "बघितलंस? ही आपल्याच झोपाळ्यावर झुलणार आणि वर फी घेणार! ऊन पूर्वेकडून येतं, हे तर मी फुकट सांगतो!"

मी फडकं घेऊन त्या रेघा पुसून टाकल्या आणि निरालीला कळवलं, "बेटा, तसदी घेऊ नकोस."

त्याच संध्याकाळी मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. काय नकाशा होता, मुलांनो! एका बाजूच्या लांब भिंतीच्या मधोमध दार. समोरच्या लांब भिंतीच्या मधोमध पाण्याच्या माठांचा कट्टा. आणि दोन्हींच्या मधोमध झोपाळा. जुना झोपाळा तुळईला टांगलेला होता आणि खोलीच्या लांबीच्या दिशेने झुलायचा, म्हणजे आडवा दिसायचा. मी तो फिरवला. लांब खोलीत लांब पाट, दोन्ही सरळ समांतर! चारही बाजूंनी मोजा, एका इंचाचाही फरक नाही!

मी हात धुऊन येईपर्यंत ऋत्वीने त्यावर लाल खडूने झोपाळ्याच्या पुढे आणि मागे फराफरा रेघोट्या मारून ठेवल्या होत्या.

"अगं, हे काय केलंस?"

"झोपाळा झुलतोय, नाना."

"बेटा, नकाशात काही हलत नसतं. नकाशा म्हणजे गंमत नाही." मी मोठ्या मायेने तिला समजावलं आणि त्याहून मोठ्या खोडरबराने रेघोट्या पुसल्या. लाल खडू तो, पुरता गेला नाही. पण झोपाळा पुन्हा कसा शहाण्यासारखा एका जागी उभा राहिला!

रेवाने नकाशा पाहिला. तिला नकाशा कळत नाही, पण मी कळतो. ती म्हणाली, "मी बडोद्याला मोठ्या बहिणीकडे जाते. झोपाळा झुलायला लागला की बोलवा. आणि तो नीट झुलला नाही, तर मी झोपाळा घेऊन तिकडेच राहीन. तिच्या ओसरीत कड्या रिकाम्याच आहेत."

हे तिने हसत सांगितलं असतं, तर मी घाबरलो नसतो. ती पोळपाट पुसता पुसता, अगदी साधेपणाने म्हणाली!

मी कामाला लागलो. गवंडी आमचे जुनेच, भीखाभाई. या माणसाला जगातलं कुठलंही काम सांगा, उत्तर एकच.

"भीखाभाई, कौलं, तुळई, सगळं उतरवायचं."

"होऊन जाईल, साहेब!"

"स्लॅब भरतानाच झोपाळ्याच्या दोन कड्या लोखंडाला बांधून आत घालायच्या. पुन्हा हलता कामा नयेत!"

"होऊन जाईल, साहेब! हत्ती टांगा!"

स्लॅबच्या दिवशी मी टेप घेऊन सेंट्रिंगच्या फळ्यांवर चढलो. कडी अर्धा इंच सरकली होती, ती मी सरळ करवली. त्यावर सिमेंट पडलं. एकवीस दिवस मी स्वतः स्लॅबला पाणी मारलं. इतक्या निष्ठेने मी कधी तुळशीलाही पाणी घातलं नव्हतं!

अखात्रीजेच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी झोपाळा टांगला. मी दारात उभा राहून पाहिलं. डावीकडे तितकंच, उजवीकडे तितकंच. डोळे भरून आले. मी त्याला हातही लावला नाही, उगाच तिरका व्हायचा! लगेच बडोद्याला फोन केला. "ये!"

अखात्रीजेच्या सकाळी रेवा आली. हातात कापडी पिशवी, आत तिचे दोन महिन्यांचे कपडे. पिशवी दाराशी ठेवून तिने झोपाळा पाहिला आणि तिचा चेहरा असा उजळला, म्हणून सांगू! "अहो, सुरेख दिसतोय हं!" तिने चपला काढल्या, पदर खोचला, पाटावर बसली आणि दोन महिन्यांची सगळी हौस अंगठ्यात आणून जमिनीला एक रेटा दिला.

झोपाळा पुढे गेला. रेवाचे दोन्ही पाय थेट माठांच्या कट्ट्यावर! पहिला माठ डुलला. दुसरा त्याला धरायला गेला. तिसरा त्या दोघांच्या भानगडीत खाली आला आणि माझ्या कोऱ्या फरशीवर फुटला!

झोपाळा मागे आला. आणि नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या दक्षाबेन दोन्ही हातांत आमरसाचं पातेलं घेऊन आल्या. हात भरलेले, म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे कमरेने दार ढकललं. दार आत आलं, झोपाळा मागे गेला, आणि धाड्! दक्षाबेन बाहेर राहिल्या, पातेलं उंबऱ्यावर राहिलं आणि रस हवेतून एक सुरेख कमान काढत माझ्या पांढऱ्या झब्ब्यावर आला. इतकी निर्दोष कमान मी चौतीस वर्षांत फळ्यावर काढली नव्हती!

"मला दाराने मारलं कुणी?" बाहेरून दक्षाबेन ओरडल्या.

"दाराने नाही, झोपाळ्याने!" मी ओरडलो.

"झोपाळा दारात टांगलाय?"

"दारात नाही, मधोमध!"

रेवा झोपाळ्यावरून उतरली. फुटक्या माठाचे तुकडे ओलांडून माझ्यापाशी आली. ती मला 'साहेब' फक्त रागात म्हणते.

"साहेब, हा झोपाळा पुढे किती जातो?"

"दीड फूट," मी मनातल्या मनात हिशेब केला. "पाय पसरले नाहीत तर."

"आणि मागे?"

"दार बंद असेल तर... बऱ्यापैकी. उघडं असेल तर एक फूट."

"म्हणजे झुलायचं नाही. नुसतं थरथरायचं." तिने पिशवीकडे पाहिलं. "आठ दिवस थांबते. ती पिशवी तोवर उघडणार नाही. आठ दिवसांत झोपाळा झुलला, तर कपडे कपाटात. नाही झुलला, तर नवव्या दिवशी टेम्पो बोलवा. झोपाळा आणि मी, दोघं जातो."

आता मला सांगा, मुलांनो, मी हार मानणारा आहे का? मुळीच नाही! प्रमेय पहिल्या झटक्यात सुटलं नाही, म्हणून कुणी भूमिती सोडतं का?

पहिला उपाय सोपा होता. "रेवा, पाय दुमडून बस."

"पाय दुमडूनच बसायचं तर पलंग काय वाईट?"

दुसरा उपाय शास्त्रीय. साखळी आखूड केली की झोका आखूड होतो! मी साखळ्या तीन फूट वर घेतल्या. पाट माझ्या छातीशी आला. स्टुलावर चढवून रेवाला वर बसवलं, स्टूल बाजूला केलं आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. जुना मित्र, सुरतेचा. बोलता बोलता मी अंगणात गेलो. पाऊण तासाने आत आलो, तर रेवा छताखाली महाराणीसारखी ताठ बसलेली, आणि ऋत्वी तिला खालून खाखरे देत होती!

"नानी, चटणी हवी?"

"नको. स्टूल दे. आणि तुझ्या नानांना पुढे उभं कर. मला पाय टेकायला काहीतरी लागेल."

तिसऱ्या उपायासाठी साखळ्या पुन्हा खाली आणल्या आणि दाराबाहेर पाटी लावली. 'दार वाजवा. आतून हाक आल्यावर तीन मोजा. झोपाळा पुढे गेला की चटकन आत या.' गल्लीतल्या पोरांना हे इतकं आवडलं, की दोरीवरच्या उड्या मारायला लागावी तशी दारात रांग लागली! "एक, दोन, तीन, आत!" चाळीस पोरं आत आली, त्यांतली बरीचशी दोनदा. टपालवाल्याने मात्र साफ सांगितलं, "साहेब, मला घरी बायको-मुलं आहेत." त्याने पत्रं खिडकीतून टाकायला सुरुवात केली. दक्षाबेन मागच्या दाराने येऊ लागल्या.

सहाव्या दिवशी मी भीखाभाईंना बोलावलं. "भीखाभाई, ही माठांमागची भिंत चार फूट मागे सरकवायची."

"होऊन जाईल, साहेब!" त्यांनी भिंतीवर थाप मारली. "फक्त पलीकडे दक्षाबेनचा गॅस आहे. तो तेवढा त्यांना दुसरीकडे न्यायला सांगा."

पलीकडून दक्षाबेनचा आवाज आला, "मला सगळं ऐकू येतंय हं, साहेब!"

"मग छतातल्या कड्या काढू."

भीखाभाईंनी भिंतीवरचा हात काढला. वर पाहिलं, मला पाहिलं. "साहेब, त्या तुम्ही स्वतः बांधून घेतल्यात. त्या काढायच्या तर स्लॅब काढावा लागेल."

या माणसाच्या तोंडून 'होऊन जाईल' निघालं नाही, तेव्हा मी टेप गुंडाळून ठेवला.

सातव्या दिवशी दुपारी मी दाराशी पायरीवर बसलो होतो. शेजारी रेवाची पिशवी, तशीच बांधलेली. ऋत्वी माझा नकाशा घेऊन आली. उन्हात धरला तर पुसलेल्या लाल रेघोट्या पुसटशा दिसत होत्या. तिने बोटाने दाखवलं. "नाना, ही रेघ माठांवर जातेय. आणि ही दारावर."

मी चष्मा पुसून पाहिलं. खरंच! रेघोट्या नेमक्या तिथेच पोचत होत्या, जिथे रेवाचे पाय पोचले होते आणि जिथे दक्षाबेन अडल्या होत्या.

"तुला कसं कळलं गं?"

"कळलं नाही. निरालीदीदीने खडूने काढलं होतं ना, तेवढंच मोजून काढलं. पावलांनी." तिने नकाशा माझ्या मांडीवर ठेवला. "तुम्ही दोन्ही पुसलंत, नाना."

चौतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, की खोडरबर जपून वापरा. असो!

मी फाफडा बांधून घेतला आणि थेट निरालीच्या ऑफिसात गेलो. ती उठून उभी राहिली. "साहेब, तुम्ही? बोलवायचंत ना!"

"बेटा, झोपाळा हलतो," मी म्हणालो. एवढं एक वाक्य बोलायला मला नऊ आठवडे लागले होते!

ती हसली नाही. गुणी मुलगी. फक्त तिने फाफड्याचा एक तुकडा तोंडात टाकला आणि पर्स उचलली.

आमच्याकडे येऊन ती पुन्हा झोपाळ्यावर बसली. या वेळी मी घड्याळाकडे पाहिलं नाही. मग तिने छत पाहिलं, भिंती पाहिल्या, अंगणात गेली. अंगणात भीखाभाई चहा पीत बसले होते.

"भीखाभाई, जरा उठता?"

"का, बेन?"

"तुम्ही तुळईवर बसलायत."

खरंच की! आमची जुनी सागवानी तुळई, जिला चाळीस वर्षं हाच झोपाळा टांगलेला होता. दोन महिने भीखाभाई तिच्यावर बसून चहा पीत होते आणि मी रोज त्यांच्या शेजारी बसून बशी भरत होतो! तिच्या पोटात जुन्या कड्या अजून घट्ट होत्या.

निरालीने तिथेच कागदावर चित्र काढलं. दोन लांब भिंतींना लागून दोन खांब, त्यांवर तुळई आडवी, आणि झोपाळा खोलीच्या लांबीच्या दिशेने झुलणार. पूर्वीसारखा. पुढे मोकळं, मागे मोकळं.

"पण हे मधोमध नाही!" मी कळवळलो. "पूर्वेकडे सरकलंय!"

"हो, साहेब. दार उघडल्यावर माणूस आत यायला जागा लागते. आणि सकाळी काकी डाळ निवडतात तेव्हा ऊन ताटात पडेल, डोळ्यांवर नाही."

मी चित्र जवळ घेतलं. झोपाळ्यावर एक बाई डाळ निवडत होती. दारात एक बाई पातेलं घेऊन उभी होती. आणि कोपऱ्यात एक म्हातारा मांजराला काहीतरी शिकवत होता!

"या वेळी किती गुण कापणार, साहेब?" निरालीने विचारलं.

मी चष्मा काढून खिशात ठेवला. पुढचं मला दिसलंच नाही, असं समजा.

भीखाभाई म्हणाले, "होऊन जाईल!" आणि आठव्या दिवशी संध्याकाळपर्यंत खरंच झालं. छतातल्या माझ्या दोन कड्या तशाच राहिल्या. त्यांचा आजपर्यंत काडीचाही उपयोग झालेला नाही. पण बरोबर मधोमध आहेत हं, कुणीही मोजावं!

संध्याकाळी सगळे जमले. दक्षाबेन या वेळी पुढच्या दाराने आल्या, पण आधी दार अर्धंच उघडून डोकावल्या. नवे माठ भरून ठेवले होते. रेवा झोपाळ्यापाशी आली. तिने पाट हाताने पुसला, मग दाराशी पडलेल्या पिशवीकडे एकदा पाहिलं. मी आपला तिच्या अगदी समोर उभा होतो, म्हणजे तिचा चेहरा नीट दिसावा.

ती बसणार, एवढ्यात ऋत्वी पुढे झाली. "थांबा, नानी!"

तिने माझ्या खिशातून खडू काढला. रिकामा झोपाळा मागे ओढला, सगळी ताकद लावून सोडला आणि उकिडवी बसून बघत राहिली. जिथवर तो पुढे गेला तिथे एक लांब रेघ मारली. मागे गेला तिथे दुसरी. मग पाय किती पसरतात, त्याची आणखी एक. सगळ्यांना तिने रेघेबाहेर उभं केलं, भीखाभाईंना, दक्षाबेनना, निरालीलासुद्धा. शेवटी माझ्यापाशी आली.

"नाना, तुम्ही आत आहात."

मी एक पाऊल मागे सरकलो. तिने खाली वाकून माझ्या अंगठ्यांकडे पाहिलं, मग वर पाहिलं आणि मान हलवली.

"पोटसुद्धा, नाना."

मी आणखी एक पाऊल मागे गेलो. तेव्हा कुठे तिने नानीला बसवलं, दाराशी जाऊन पिशवीची गाठ सोडली, आणि परत येऊन पहिला झोका दिला.